सड्यावरच्या आईचा उजवा कळा

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पैज लावतो.

आजवर कोणी ठेवलेला नाही. तुम्हीही शेवटपर्यंत वाचाल, मान हलवाल आणि म्हणाल, म्हातारा बनवतोय.

म्हणा.

माझं वय चौऱ्याहत्तर. नाव बाबू. गाव मला बाबूतात्या म्हणतं, आणि पाठीमागे थापाड्या म्हणतं. खोटं नाही ते. मालगुंडच्या किनाऱ्यावर एक सुरमई मरता मरता माझ्या नावानं हाक मारून गेली, ही थाप माझीच. अंजनवेलच्या किल्ल्यावर मला बिनमुंडक्याचा शिपाई दिसला, तीही माझीच. तो शिपाई नव्हता. कोणीतरी वाळत घातलेला रेनकोट होता.

पण ही गोष्ट खरी आहे.

अगदी खरी. भुतासकट.

तुम्ही या पानावर रात्रीच्या गोष्टी वाचता. अमावस्या, पिंपळ, बंद पडलेली गाडी... वाचा. आमच्याकडे जाणती माणसं रात्रीला भीत नाहीत. दुपारच्या बाराला भितात. सूर्य डोक्यावर आला की माणसाची सावली पायाखाली जाते. त्या वेळी कोण माणूस आणि कोण नाही, हे सावलीवरून ओळखता येत नाही.

माझी गोष्ट त्या वेळेची आहे.

मंगळवार, अठ्ठावीस एप्रिल, दोन हजार पंधरा. दुपारी बारा. जागा, आमच्या गावावरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार.

गावाचं नाव लिहीत नाही. मालगुंडपासून आत, एवढं पुरे.

ही गोष्ट मी काल दीपकच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात बसून सांगितली. जशी सांगितली तशीच इथे उतरवतोय, मध्ये कोण काय बोललं त्यासकट. आज मंगळवार आहे. बारा वाजत आलेत. खरं तर या घटकेला मी सड्यावर असायला हवा होतो.

गेलो नाही.

पडवीत बसून लिहितोय. वारा नाही. समोरच्या माडाचं एक पातं हलत नाही...

तरी कागदाचा कोपरा उचलला जातोय.

असो.

दीपक हा माझ्या चुलतभावाचा मुलगा. काल त्याच्या खळ्यात रातांबे फोडायचं काम चाललं होतं. आमसुलं घालायची होती. दीपक फोडत होता, मी बिया काढत होतो, आणि समोर पाटावर त्याची भाची बसली होती. अक्षया. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेली. सव्वीस-सत्तावीसची पोर. तिला साखरेचा आजार, तोही लहान वयातला. रोज पोटात सुई टोचून घ्यावी लागते. चार वेळा. जेवणाआधी आत जाऊन टोचून येते, आणि येताना हसते. ते हसू बघवत नाही.

ती सुट्टीसाठी आली नव्हती. सड्यावरच्या आईसाठी, आमच्या देवीसाठी आली होती.

"आजोबा, ती मामीची गोष्ट सांगा ना," ती म्हणाली. "माझी आई म्हणते, तुमच्या तोंडूनच ऐकावी."

"सांगा तात्या," दीपक म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "आईनं कौल कसा दिला ते नीट सांगा हिला."

मी आधी घराकडे नजर टाकली. सानवी नव्हती. सानवी म्हणजे दीपकची मुलगी, एकोणीस वर्षांची. हातखंब्याला औषधांच्या दुकानात कामाला आहे, संध्याकाळच्या गाडीनं येते. ती घरी असली की मी ही गोष्ट सांगत नाही. पोरीच्या आईची गोष्ट. बरं दिसत नाही.

मग मी सांगायला लागलो.

आमच्या सड्यावर आईचं ठाण आहे. देऊळ नाही. मैलभर नुसता कातळ, झाड नाही, सावली नाही. मध्येच एक उभा काळा दगड, त्याला आम्ही आई म्हणतो. दगडाच्या पायाशी कातळात कोरलेलं कुंड. त्यात झरा. मे महिन्यातही आटत नाही. पाणी किती? घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली.

पूर्वी तिथे कोणी फिरकत नसे. वर्षातून एकदा नारळ, संपलं. त्या नारळाचा आणि गाऱ्हाण्याचा, म्हणजे देवीपुढे साकडं घालायचा मान आमच्या घराकडे. म्हणजे माझ्याकडे.

मग मालन उठली.

मालन म्हणजे माझी चुलतबहीण. गुडघे धरले होते, दोन वर्षं खाटेवर. एका मंगळवारी तिला आईचं तीर्थ पाजलं. पुढच्या मंगळवारी मालन स्वतःच्या पायानं सडा चढून आली. साऱ्या गावानं बघितली. मी तिथेच उभा राहून सगळ्यांना सांगितलं, की तीर्थ पोटात गेलं तेव्हा गुडघ्यातून दोन कडाके निघाले, सुक्या काटक्या मोडाव्यात तसे.

काल इथे दीपक हसला. "कडाके कोणी ऐकले, तात्या?"

"मी ऐकले."

"तुम्ही तवा राजापूरला व्हतात."

बरं, कडाके माझे. तिखटमीठ लावल्याशिवाय कालवण होतं का? आणि आधीच्या आठवड्यात मालनच्या दोन्ही गुडघ्यांत रत्नागिरीच्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली होती, ते सांगायचं राहून गेलं. पण बाई चालली ना? चालली.

कोणीतरी मालनचा चालतानाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरवला. मग काय! हातखंब्यापासून रिक्षा यायला लागल्या. बाटल्या, कॅन, कळशा. कोणाची कंबर, कोणाची मूळव्याध, कोणाची सून नांदत नाही. दर मंगळवारी सड्यावर जत्रा. आणि प्रत्येकासाठी आईपुढे गाऱ्हाणं घालणार कोण?

मी.

ज्या गावानं मला साठ वर्षं थापाड्या म्हटलं, ते गाव मी तोंड उघडलं की हात जोडून 'होय महाराजा' म्हणायला लागलं. तुम्हाला नाही कळायचं ते सुख.

आता तुळसाचं सांगतो.

तुळसा ही दीपकची बायको, सानवीची आई. तेव्हा बत्तीस वर्षांची. अंगानं काटक, कामाला वाघीण, बोलायला फटकळ. मला एकदा भर पंगतीत म्हणाली होती, "तात्या, तुमच्या पोटात येवढ्या थापा ऱ्हातात, मग भात जातो कुटं?"

तिला आकडी यायची. सानवीच्या वेळेपासून. उभ्या उभ्या कोसळायची, दातखीळ बसायची. रत्नागिरीच्या डॉक्टरनं गोळ्या बांधून दिल्या. सकाळी एक, रात्री एक. गोळ्यांनी आकडी थांबली. तीन वर्षं एकदाही आली नाही.

पण गोळ्यांनी ती पेंगायची. लावणीच्या वेळी चिखलात उभी असताना डोळे मिटायचे. बायका हसायच्या. एकदा चुलीवर भात जळून कोळसा झाला आणि ही शेजारी बसून झोपलेली.

एक दिवस ती माझ्याकडे आली.

"तात्या, डोक्यात नुसतं धुकं भरल्यागत व्हतं. पोरगी काय बोलते ते अर्धंच ऐकू येतं. मालनआत्या बरी झाली. मी का नाय व्हनार?"

मी म्हटलं, "तीर्थ घे की."

"तीर्थ घेईन. पन गोळ्या सोडू का, ते आईला इचारा. कौल लावा. ती नको म्हनाली तर जन्मभर खाईन, पुन्हा इचारनार नाय. व्हय म्हनाली तर सात मंगळवार तिचं तीर्थ, नि बाकी सगळं बंद."

कौल कसा लावतात, ते सांगतो. देवीच्या दगडावर दोन बाजूंना एकेक ओली पाकळी चिकटवायची. तिला आम्ही कळा म्हणतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवा कळा आधी पडला, तर होय. डावा पडला, तर नाही. कोकणात गावोगाव आहे हे. आमच्या सड्यावर एक रिवाज जास्तीचा आहे. कळा पडेपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटून मान खाली घालायची. बघायचं फक्त गाऱ्हाणं घालणाऱ्यानं.

सतरा मार्चला, मंगळवारी, मी तुळसासाठी कौल लावला.

पन्नास-साठ माणसं होती. तगरीच्या दोन पाकळ्या कुंडाच्या पाण्यात बुडवून मी आईला लावल्या. दगडाच्या अगदी जवळ बसलो. तुळसा माझ्या उजव्या हाताला हात जोडून. दीपक मागे.

"हे सड्यावरच्या आई..."

"होय महाराजा!"

"ही तुझी लेक तुळसा, दीपकाची अस्तुरी, तुझ्या पायाशी इली हाय..."

"होय महाराजा!"

"हिनं डॉक्टरच्या गोळ्या सोडून तुझ्या तीर्थावर ऱ्हावं, तर उजवा दे. नाय तर डावा दे. आणि दूध का दूध, पाणी का पाणी कर..."

"होय महाराजा!"

आणि मग... शांतता.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. कळे हलेनात. ऊन असं, की कातळावर भाकरी भाजावी. वारा नाही. गवताचं वाळकं पातंसुद्धा जागचं हलत नव्हतं. मी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा काही नाही.

अर्धा तास.

मागे चुळबुळ सुरू झाली. कोणाचा पाय भाजत होता, कोणाची रिक्षा थांबली होती. हातखंब्याकडचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "तात्या, आईचा फोन लागत नाय वाटतं!"

आणि माणसं हसली.

आईपुढे. माझ्या पाठीमागे. फिसकन हसली.

मी तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं.

आणि उजवा कळा पडला.

आपसूक. वारा नसताना. मी या डोळ्यांनी बघितला. डावा जागच्या जागी, आणि उजवा सुटला, हळूच गिरकी घेतली आणि तुळसाच्या जोडलेल्या हातांवर पडला.

"उजवा!" मी ओरडलो.

साठ माणसांनी डोळे उघडले. तुळसानं तो कळा कपाळाला लावला, आणि एवढी फटकळ बाई, ढसाढसा रडली. घरी जाऊन तिनं गोळ्यांची पाकिटं चुलीत घातली.

"मी बघत व्हतो," काल दीपक म्हणाला. त्याच्या हातातला रातांबा अर्धा कापलेला तसाच. "कसा निळा जाळ झाला."

"मग?" अक्षयानं विचारलं. "आकडी आली?"

"नाही आली," मी म्हटलं. "एक आठवडा नाही. दोन नाही. सहा आठवडे नाही."

तुळसा फुलासारखी झाली. डोक्यातलं धुकं गेलं. पहाटे उठून गाणी म्हणायची. सानवीची वेणी घालताना तिच्याशी तासतासभर बोलायची. नऊ वर्षांच्या पोरीला पहिल्यांदा जागी आई मिळाली होती. आणि मी? मी बाजारात, एसटीत, बारशाला, बाराव्याला, जिथे जाईन तिथे सांगत सुटलो. डॉक्टरनं हात टेकले, आईनं हात दिला.

डॉक्टरनं हात टेकले नव्हते. पण वाक्य चांगलं होतं.

सातवा मंगळवार. अठ्ठावीस एप्रिल.

त्या दिवशी मला गावात एका लग्नाला जायचं होतं. मी सगळ्यांना निरोप दिला होता, आज गाऱ्हाणं चार वाजता. पण तुळसाला शेवटचं तीर्थ बारालाच घ्यायचं होतं. निळा कॅन घेऊन ती एकटी सडा चढली.

चार वाजता आम्ही वर गेलो.

निळा कॅन कुंडाच्या काठावर अर्धा भरलेला.

तुळसा कुंडात पालथी.

पाणी घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली. तिची पाठसुद्धा कोरडी होती.

फक्त तोंड पाण्यात.

आकडी आली होती. दुसरं काय असणार? पण ते कोणी बोललं नाही. मीही नाही. दीपक तिला मांडीवर घेऊन बसला होता, आणि कोणीतरी म्हणालं, "सातवा मंगळवार. व्रत पुरं झालं. आईनं आपल्या लेकीला नेलं." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दीपकनं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे मला काहीतरी विचारत होते. मी मान हलवली.

होय. आईनं नेलं.

पुढच्या मंगळवारी सड्यावर कधी नव्हे एवढी गर्दी. जिनं प्रत्यक्ष भक्ताला पोटात घेतलं, ती देवी केवढी जागृत! त्याच कुंडातून त्यांनी बाटल्या भरल्या.

त्याच कुंडातून.

आता भुताचं.

तुळसाचं तेरावं झालं. नंतरच्या मंगळवारी गाऱ्हाणं चारलाच होतं; गर्दी यायच्या आधी दिवा लावावा म्हणून मी बाराच्या सुमाराला एकटाच वर गेलो. सडा तापून पांढरा दिसत होता. दरवेळी एक टिटवी ओरडत डोक्यावरून फिरते. त्या दिवशी नव्हती. कातळाखालचे किडे करकरत असतात. तेही गप्प.

मी निरांजन लावलं.

विझलं.

पुन्हा लावलं. हाताचा आडोसा धरला.

फू...

विझलं.

मी हसलो. म्हटलं, वारा असेल. मान वर करून बघितलं. वाळकं गवत चित्रासारखं उभं. वारा नव्हता.

तिसऱ्यांदा काडी ओढली. वात पेटायच्या आतच...

फू...

माझ्या उजव्या कानाशी. अगदी जवळून. गरम चहावर माणूस मारतं ना, तशी बेतानं मारलेली फुंकर. पण गार. आणि तिला वास होता. कुंडाच्या तळाच्या शेवाळाचा.

मी वळलो नाही. वळवलं नाही.

मान खाली होती, म्हणून कातळ दिसला. कुंडापासून माझ्यापर्यंत ओली पावलं उमटली होती. त्या उन्हात थुंकलेलं थेंबभर पाणी वाळतं. ती पावलं वाळत नव्हती.

माझ्या शेजारी, उजव्या हाताला येऊन, ती थांबली होती.

तुळसा बसली होती, त्याच जागी.

मी चपला तिथेच टाकून खाली आलो. त्या अजून मिळाल्या नाहीत.

तेव्हापासून दर मंगळवारी. बारा ते सव्वा बारा. कुठेही असलो तरी. एकदा रत्नागिरीच्या बस स्टँडवर होतो, हजार माणसांत. हातातलं तिकीट उडालं, बाकी कोणाचं काही हललं नाही. एकदा जेवताना चमच्यातली आमटी थरथरली. बायको होती तेव्हा म्हणायची, "तुमच्या कानाला सारखं काय होतंय, खाजवता काय?"

कधी हाक नाही. रडणं नाही. बांगडी वाजली नाही. शिव्याही नाहीत, आणि जिवंतपणी तिच्या शिव्या ऐकण्यासारख्या होत्या.

फक्त फू...

वर्षभर काढलं. मग म्हटलं, तिला काय हवंय ते विचारू. भुताला विचारायची माझ्याजवळ एकच रीत.

एका मंगळवारी बाराला वर गेलो. तगरीचे दोन कळे आईला लावले. दगडासमोर बसलो. गाऱ्हाण्यासाठी तोंड उघडलं, पण शब्द आधी मनात जुळवत होतो. प्रश्न विचारला नव्हता. एक अक्षर बोललो नव्हतो.

ओली पावलं आली. थांबली.

कानाजवळून ती गार फुंकर गेली... पण या वेळी माझ्यावर नाही.

कळ्यावर.

हळूच. नेमकी एकाच बाजूला.

उजवा कळा थरथरला. सुटला. गिरकी घेऊन खाली पडला. डावा जागच्या जागी.

मी प्रश्नच विचारला नव्हता...

मी दुसरा कळा लावला. तिनं तोही पाडला. पुन्हा लावला. पुन्हा पाडला. सात वेळा. सातही वेळा उजवाच. मी रडायला लागलो. म्हटलं, तुळसा, पुरे कर गो. तुझा संसार मी मोडला नाही. आईनं उजवा दिला तो दिला. माझा काय गुन्हा? मी फक्त गाऱ्हाणं घालणारा. निरोप्या. पत्र वाईट आलं म्हणून पोस्टमनच्या मानगुटीवर बसायचं?

उत्तर काय आलं, सांगू?

फू...

दहा वर्षं झाली. ती येतेच आहे. डॉक्टर म्हणतो कानाची नस आहे. पुतणे म्हणतात म्हातारपण आहे. मी म्हणतो, तुळसा आहे. आणि दहा वर्षं मी सगळ्यांना एकच विचारतो, तुम्हालाही विचारतो. कौल देवीनं दिला. मग ती माझ्याकडे का येते?

इथे माझी गोष्ट संपते. दरवेळी इथेच संपते. मग दीपक दरवेळी एकच वाक्य बोलतो.

काल तो तेच बोलला.

"गोळ्या आईनं सोडायला लावल्यान. मी आडवा गेलो असतो तर आईच्या शब्दाआड गेलो असतो." त्यानं लाल झालेले हात बघितले. "हे नसतं ना तात्या, तर मी कवाच कुंडात उतरलो असतो."

अक्षया डोळे पुसत होती. मग तिनं नाक ओढलं आणि सरळ बसली.

"आजोबा, उद्या मंगळवार आहे. माझ्यासाठी लावाल ना कौल? आईनं उजवा दिला तर मी सुया इथेच सोडून जाईन. मला कंटाळा आलाय हो. मामी गेली ते तिचं व्रत पुरं झालं म्हणून. पण सहा आठवडे ती बरी होती, हे तर खरं ना?"

मी काय म्हणणार होतो, देवच जाणे. तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. पोरीची नजर माझ्यावर अशी लागली होती, जशी कोणाची बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

"लावू की," मी म्हटलं.

"त्या दिवशी वारा नव्हता?"

हे अक्षया बोलली नाही. आवाज मागून आला, पडवीच्या खांबाकडून.

सानवी होती. खांद्याला पिशवी, पायांत अजून चपला. हातखंब्याला लाईट गेली होती म्हणून मालकानं दुकान दुपारीच बंद केलं होतं. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"अगो, कवा इलंस?" दीपक म्हणाला.

तिनं बापाकडे बघितलं नाही.

"तात्याआजोबा, तुम्हाला विचारतेय. त्या दिवशी, सतरा मार्चला, वारा नव्हता?"

"नव्हता," मी म्हटलं.

"गवतसुद्धा हलत नव्हतं?"

"नव्हतं गो. आईची शपथ."

"मग कळा पडला कसा?"

"देवीनं पाडला. आपसूक पडला. मी या डोळ्यांनी—"

"सगळ्यांनी डोळे मिटले होते," सानवी म्हणाली. "मी आईच्या पदराआड होते, तुमच्या तोंडासमोर. नऊ वर्षांची. मला कोणी सांगितलंच नव्हतं डोळे मिटायला."

दीपकच्या हातातला कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. एवढा हळू, की तो ऐकू यायलाच नको होता.

"दहा वर्षं मला वाटत होतं, पूजेत तसंच करायचं असतं. म्हणून बोलले नाही. कोणी विचारलंही नाही." तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "ताई, तुझी सुई आत ठेवलीयेस ना? ती हलवू नकोस. तात्याआजोबा, वारा नव्हता, हे तुमचं खरं आहे. ती माणसं हसली. मग तुम्ही दगडाकडे वाकलात. गाल असे फुगवलेत..."

तिनं फुगवून दाखवले.

"आणि उजव्या कळ्यावर फुंकर मारलीत."